बोरदऱ्याच्या विहिरीची कावड

चांदवडहून नाशिकला एसटीने दीड-दोन तासांत जाता येतं. मी या वैशाखात तोच रस्ता चार दिवसांत पायी गेले. येताना मात्र कांद्याच्या टेम्पोत बसून आले. माझ्या शेजारी एक मोठे सरकारी साहेब होते, आणि त्यांच्या खांद्यावर आमच्या विहिरीचं घाण पाणी होतं. हे वाचून तुम्हाला मी थट्टा करते आहे असं वाटेल. मलाही अजून अधूनमधून तसं वाटतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

बोरदरा, निघण्याआधी

आमचं गाव बोरदरा चांदवडच्या डोंगरांच्या आड आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून आमच्याकडे फाटा फुटतो आणि त्या फाट्याजवळ कांदा वाळवून त्याची पूड करणारा एक कारखाना आहे. आमच्याकडचा गोल्टी कांदा, म्हणजे बाजारात कुणी धड विचारत नाही तो बारका माल, हाच कारखाना घेतो. त्यामुळे सुरुवातीला गावाला कारखान्याचं फार कौतुक होतं. पुढे कांदे सोलून-धुऊन झालेलं पाणी टँकरने वर डोंगरातल्या बंद पडलेल्या दगडखाणीत ओतायला लागले. खाण वर आणि आमची विहीर खाली. दोन उन्हाळ्यांत विहिरीच्या पाण्याला पिवळट रंग आला, वर फेस धरायला लागला, आणि वास कांद्याचा. साध्या कांद्याचा नाही, चार दिवस पिशवीत विसरलेल्या कांद्याचा. आंघोळ केली की अंग खाजायचं. लहान मुलांची पोटं बिघडायची.

ही तक्रार घेऊन आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे लोक आधी हसले. "कांद्याच्या गावात पाण्याला कांद्याचा वास येणार नाही, तर काय गुलाबाचा येणार?" तालुक्याला एकाने तर विचारलं, की पाणी प्यायच्या आधी तुम्ही हात धुता का.

शेवटी नाशिकच्या प्रदूषण तपासणाऱ्या कार्यालयातून दोघं जण आले. ऊन मरणाचं होतं आणि विहीर खाली दरीत आहे. ते ग्रामपंचायतीच्या ओट्यापर्यंत आले. तिथे कारखान्याने भेट दिलेलं पांढरं फिल्टरचं मशीन आहे, त्यात गावाला येणाऱ्या सरकारी टँकरचं पाणी भरतात. त्याच्या नळाखाली त्यांनी बाटल्या भरल्या. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. आम्हाला वाटलं, त्यांना तहान लागली आहे.

अहवाल आला, की बोरदऱ्याच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी पिण्यास योग्य आहे. त्यापाठोपाठ निरोप आला, की विहिरीचं पाणी चांगलं आहे, त्याअर्थी गावाला टँकरची गरज नाही. येत्या सोमवारपासून टँकर बंद.

गावात मोर्चाचं ठरलं. पोलीस ठाण्यात सांगितलं, की मोर्चाला परवानगी लागते, हायवेवर तर मिळणारच नाही. तेव्हा नामदेव तात्या बोलले. तात्या माझ्या वडिलांचे चुलते. दरवर्षी गोदावरीचं, म्हणजे आमच्या गंगेचं, पाणी कावडीने सप्तशृंगीच्या गडावर नेतात. लांब बांबू, दोन टोकांना दोन तांब्याचे कलश, तोंडाला लाल फडकं आणि घुंगरं.

"मोर्चाला परवानगी लागती," तात्या म्हणाले. "कावडीला लागती का?"

"पण कावडीत गंगेचं पाणी असतं ना, तात्या?" कुणीतरी विचारलं.

"कावड पाण्याची असती. कोणतं पाणी, ते ज्याच्या त्याच्या नशिबाचं."

असं ठरलं. विहिरीचं पाणी कावडीत भरायचं, चालत नाशिकला न्यायचं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. पुन्हा तपासा म्हणायचं. सोमवारच्या आत.

साहेबांशी बोलायला मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. गावात औषधाची बाटली आली, मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला, की मलाच बोलावतात. मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर मला त्यांना हेही सांगायचं होतं, की लोकांनी आणलेलं पाणी नमुना म्हणून धरतच नाहीत. सरकारी माणसाने स्वतः जागेवर येऊन भरलेलंच चालतं. शिवाय तांब्याच्या कलशात चार दिवस उन्हात फिरवलेल्या पाण्याची तपासणी करून काहीच कळणार नाही. पण तोवर तात्यांनी कलश घासायला घेतले होते. मी चिंच आणून दिली.

कारखान्याचं गेट

मंगळवारी सकाळी निघालो. आम्ही दहा-बारा जण. कावड पुरुषांच्या खांद्यावर, तात्या अनवाणी सगळ्यांत पुढे. सामान रशीदभाईंच्या टेम्पोत. रशीदभाई आमच्याच गावचे. त्यांचा टेम्पो एरवी गावची गोल्टी कारखान्यात नेऊन टाकतो, त्यामुळे ते जरा ओशाळलेले होते. "मी भाड्याने कांदा नेतो ताई, पाणी नाही," असं त्यांनी मला आपणहून दोनदा सांगितलं.

कावडीचे नियम तात्यांनी निघतानाच सांगितले. एक, कावड जमिनीला टेकवायची नाही. थांबायचं तर झाडाच्या फांदीला अडकवायची. दोन, ज्याने खांदा दिला त्याने दुसरा खांदा येईपर्यंत सोडायची नाही. तीन, पाणी जिथे वाहायचं तिथे वाहिल्याशिवाय कावड उतरत नाही.

"आपण कुठं वाहणार, तात्या?" मी विचारलं.

तात्यांनी कलशाचं फडकं आवळलं. "ते बघू," म्हणाले.

फाट्यावर पोचलो तर कारखान्याच्या गेटमधून मॅनेजर पळत बाहेर आला. मला वाटलं, कुणीतरी त्याला सांगितलं असणार. पण त्याच्या हातात नारळ होता. मागून दोन कामगार ताकाचं पिंप घेऊन येत होते. त्याने बूट काढले, कलशांना हार घातले, नारळ फोडला आणि कावडीसोबत फोटो काढून घेतला.

"कशासाठी काढली कावड?" त्याने विचारलं.

अलका काकू पुढे झाल्या. काकूंची फाट्यावर चहाची टपरी होती. टँकर उशिरा आला तर विहिरीचं पाणी वापरावं लागायचं आणि मग चहाला कांद्याचा वास यायचा. गिऱ्हाईक तुटलं आणि टपरी बंद पडली.

"पाण्यासाठी," काकू म्हणाल्या.

"वा! छान, छान. यंदा पाऊस चांगला पडू दे," मॅनेजर म्हणाला आणि त्याने डोळे मिटून हात जोडले.

ताक नको म्हणता आलं नाही. कावडीचं स्वागत नाकारत नाहीत, असं तात्यांचं म्हणणं. मी दोन पेले प्यायले. त्याला कांद्याचा अजिबात वास नव्हता.

वडाळीभोई

हायवेवर चालणं हा प्रकार मला नवीन होता. बसमधून जो रस्ता सपाट वाटतो, तो पायांना चढ लागतो. दोन्ही बाजूंना कांदा साठवायच्या चाळी, मध्ये मध्ये द्राक्षांच्या बागा, आणि अंगावरून जाणारे कंटेनर. पण कावड दिसली की कंटेनरवालेही वेग कमी करायचे. एका पोलिसाने थांबवून परवानगीचं विचारलं. मग घुंगरं ऐकली, टोपी काढली आणि आम्हाला रस्ता ओलांडू देण्यासाठी अख्खा हायवे अडवून धरला. मोर्चाला ही सोय मिळाली नसती.

खरी अडचण वडाळीभोईच्या अलीकडे आली. एका वस्तीवर एक म्हातारे बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी कावडीला हात लावून डोळ्यांना लावला आणि उजव्या हाताचा तळवा पुढे केला.

तीर्थ मागत होते.

तात्या जागच्या जागी थिजले. तीर्थ नाही म्हणायचं नसतं, आणि हे पाणी द्यायचं कसं? बाबांच्या मागे त्यांची सून आली, तिच्या कडेवर मूल. तिनेही हात पुढे केला. मी काही बोलायच्या आत अलका काकूंनी टेम्पोतला स्टीलचा तांब्या काढला. त्यात आमच्या टँकरचं पाणी होतं. पळीने तिघांच्या हातावर घातलं.

बाबा प्यायले, ओला हात डोक्यावरून फिरवला. "कुठल्या गंगेचं हाय?"

"बोरदऱ्याच्या," काकू म्हणाल्या.

"गोड हाय पाणी."

त्यानंतर रशीदभाईंनी टेम्पो पुढच्या हॉटेलावर नेऊन जारच्या पाण्याचा एक कॅनच घेतला. मग नाशिकपर्यंत असंच चाललं. खांद्यावर मिरवणुकीने घाण पाणी, आणि मागून टेम्पोत गपचूप चांगलं पाणी. लोक घाणीच्या पाया पडत होते आणि चांगलं पीत होते. उलटं झालं नाही, यासाठी काकू सारख्या धावत होत्या.

मुक्कामाच्या देवळात एक आजोबा कलशाजवळ वाकले आणि त्यांनी नाक मुरडलं. "कांद्याचा वास येतो काय रे?"

"कांद्याच्या गावची कावड आहे, चाचा," रशीदभाई म्हणाले. "आमचा देव बी कांदा खातो."

आजोबांना ते पटलं.

पिंपळगाव

पिंपळगावात आमची फार सरबराई झाली. एका बागायतदारांच्या ओट्यावर जेवण होतं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि वाटीभर बेदाणे. आमच्याकडे पाहुण्याला जेवणाआधी पाणी देतात. इथे त्यांनी कैरीचं पन्हं दिलं आणि पाणी मागितलं तर नवल वाटून बघितलं. मी तीन तांबे पाणी प्यायले. ज्या पाण्याला वास नसतो ते पिताना माणूस त्याच्याकडे लक्ष देत नाही, हे मला तिथे कळलं. मी मात्र देत होते. घरच्या बाई म्हणाल्या, "काय गं पोरी, तुमच्याकडं पाणी नाय का?" मी म्हटलं, "आहे, पण..." आणि तांब्या परत पुढे केला.

निघताना त्यांच्या गल्लीतल्या बायका तांबे घेऊन आल्या. त्यांच्याकडे म्हणे रीत आहे, गावातून कावड जाताना आपल्या घरचं चुळकाभर पाणी तिच्यात घालायचं, म्हणजे आपलंही पाणी देवाला पोचतं. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत एकीने फडकं सोडलं आणि पाणी घातलं. मग दुसरीने. मग रांगच लागली. तात्या भक्तिभावाने मान डोलवत उभे. त्यांच्या दृष्टीने कावड जड होणं हा शुभशकुन होता.

मी टेम्पोमागे जाऊन बसले. आतापर्यंत नुसता तांब्याच्या कलशाचा प्रश्न होता. आता कलशात अख्ख्या पिंपळगावचं स्वच्छ पाणी मिसळलं होतं. काकू माझ्याकडे आल्या. "काय झालं गं? पाय दुखतो?"

मग मी सगळं सांगून टाकलं. हा नमुना कुणी धरणार नाही, धरला असता तरी आता तो आपल्या विहिरीचा राहिलेला नाही, आणि मुळात साहेबाने स्वतः येऊन जागेवर घ्यावा लागतो.

काकूंनी ऐकून घेतलं. पदराने मान पुसली. "हे तुला कवापासून माहीत व्हतं?"

"निघायच्या आधीपासून."

"मंग बोलली का नाय?"

"तात्या कलश घासत होते."

मला वाटलं, आता रागावतील. "म्हणजे पाणी साहेबाकडं नेऊन उपयोग नाय," त्या म्हणाल्या. "साहेबाला पाण्याकडं आणायचा."

"हो, पण ते कसे येतील?"

"ते बघू," काकू म्हणाल्या. तात्यांसारखंच.

द्वारका

टोलनाक्यावर कावड कोणत्या रांगेत घालायची यावर तिथल्या मुलांची चर्चा झाली आणि शेवटी त्यांनी आम्हाला रुग्णवाहिकेच्या रांगेतून सोडलं. ओझरला पुन्हा तीर्थ, पुन्हा जारचं पाणी. आडगावात तात्यांच्या टाचेला मोठा फोड आला. डांबर तापलेलं, आणि ते चप्पल घालायला तयार नाहीत. मी माझे कॉलेजचे मोजे दिले. मोजे म्हणजे चप्पल नव्हे, हे त्यांनी बराच विचार करून मान्य केलं. पांढऱ्या मोज्यांवर गुलाबी फुलं होती.

शुक्रवारी सकाळी नाशिक. द्वारकेच्या चौकात मी पहिल्यांदाच पायी उतरले. चहूबाजूंनी बस, रिक्षा, ट्रक, आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही. वाहतूक पोलिसाने आम्हाला बघितलं, शिट्टी तोंडात तशीच धरून हात जोडले आणि सगळा चौक थांबवला. एका रिक्षावाल्याने रिक्षातून हात बाहेर काढला. काकूंनी पळी घातली.

आम्ही मिसळ खाल्ली. रस्सा वेगळा, पापड वेगळा, दही वेगळं. काकूंनी मिसळीला नावं ठेवली नाहीत. मात्र चहाचा कप नाकाजवळ धरून त्या बराच वेळ तशाच बसल्या. "माझा चहा असाच व्हता," एवढंच म्हणाल्या.

मी तोवर माझं भाषण मनात म्हणत होते. "आदरणीय महोदय, सदर विहिरीचे पाणी..."

कार्यालय

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये बांबू मावला नाही. जिन्याच्या वळणावर तो अडकला आणि एक टोक पुरुषांच्या मुतारीत गेलं. तात्यांनी डोळे मिटून देवीची क्षमा मागितली. वरच्या शिपायाने फक्त चौघांना आत सोडलं. तात्या, काकू, रशीदभाई आणि मी. कावडीला खांदा देणारी बाकीची माणसं खाली राहिली.

साहेब चष्मा लावून काहीतरी वाचत होते. तात्यांच्या खांद्यावरची कावड दारात आली तसे ते खुर्चीतून उठलेच. टेबलाखाली पाय हलवून बूट काढले आणि पुढे येऊन कलशाला हात लावून कपाळाला लावला. "आई जगदंबे," म्हणाले. "आमचे वडील न्यायचे कावड. आम्ही कळवणकडचे."

मी तोंड उघडलं. त्याच क्षणी तात्यांचा फोड आलेला पाय वाकला आणि ते एका बाजूला कलंडले. कलश हिंदकळला. साहेबांनी झेप घेतली, बांबू धरला आणि आपल्या खांद्यावर घेतला.

"बसा, बसा बाबा. अरे, यांना पाणी द्या," ते शिपायाला म्हणाले.

तात्या खुर्चीवर बसले. रशीदभाई खांदा द्यायला पुढे निघाले. मी पाहिलं, काकूंनी आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला. रशीदभाईंनी खाली पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

पंखा फिरत होता.

"घ्या आता कुणीतरी," साहेब म्हणाले.

"बायांचा खांदा चालत नाय, साहेब," काकू म्हणाल्या.

"मी चार दिवस चप्पल घालून टेम्पो चालवलाय," रशीदभाई म्हणाले.

तात्यांनी गुलाबी फुलांचा मोजा काढून टाच दाखवली.

"मग मी खाली ठेवतो."

"साहेब!" हे तात्या नव्हे, शिपाई ओरडला. "कावड खाली ठेवतात का?"

"मला माहीत आहे रे," साहेब चिडून म्हणाले. "मला शिकवू नकोस." टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्यांनी एक हात लांबवला, कलश टेबलाच्या काचेवर आपटणार म्हणून मागे घेतला. फोन वाजून बंद पडला. "मग हे पाणी बेसिनमध्ये ओता आणि मला मोकळं करा."

शेजारच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्या अदबीने म्हणाल्या, "सर, हे पाणी प्रदूषित असेल तर असं सोडता येणार नाही. आपणच नोटीस देतो त्यासाठी."

"आणि प्रदूषित नसेल तर?"

"मग ते तीर्थ आहे, सर. बेसिनमध्ये कसं ओतणार?"

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्याबरोबर दोन्ही कलश वळले आणि शिपाई खाली वाकला. "तुम्ही आलात कशासाठी?"

मी म्हणाले, "आदरणीय महोदय, सदर विहिरीचे..." आणि पुढचं सगळं डोक्यातून गेलं. मग मी साधंच सांगितलं. खाण वर आहे, विहीर खाली आहे. तुमच्या माणसांनी बाटल्या फिल्टरच्या नळाला भरल्या. आता अहवालात पाणी चांगलं आहे म्हणून सोमवारपासून टँकर बंद होणार, आणि मग आम्हाला तेच पाणी प्यावं लागणार. लहान मुलंही तेच पिणार. मी मध्ये मध्ये अडखळत होते. पण साहेबांनी सगळं ऐकलं. आम्ही इतक्या कचेऱ्यांत गेलो, पण मध्येच उठून गेला नाही असा हा पहिलाच माणूस. खांद्यावर कावड असल्यावर कुठे जाणार?

"पण तुम्ही आणलेलं पाणी मला नमुना म्हणून घेता येत नाही," ते म्हणाले. आता आवाजात चीड नव्हती. "आम्हीच घ्यायचा असतो. जागेवर."

"व्हय ना साहेब," काकू म्हणाल्या. "म्हणून तर न्यायला आलो तुमाला."

साहेबांनी तात्यांना विचारलं, "बाबा, ही उतरणार कुठे?"

तात्यांना हा प्रश्न मंगळवारपासून पडलेला होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "जिथून उचलली तिथंच," ते म्हणाले. "विहिरीवर."

परत

बांबू सरकारी जीपमध्ये मावेना. म्हणून साहेब रशीदभाईंच्या टेम्पोत मागे बसले, कांद्याच्या पातीवर आणि टरफलांवर, खांद्यावर कावड. जाताना पायी, येताना वाहन चालतं, असा नियम तात्यांनी तिथल्या तिथे केला. बाकी माणसं त्याच टेम्पोत कोंबून बसली. मागून जीपमध्ये मॅडम, बाटल्या आणि बर्फाचा डबा.

द्वारकेच्या पोलिसाने पुन्हा चौक थांबवला. चार दिवसांचा रस्ता भराभर मागे गेला. पिंपळगावच्या पुढे तात्यांनी साहेबांना खांदा बदलून देऊ का म्हणून विचारलं. आता खाली राहिलेली माणसं सोबत होतीच. साहेबांनी बाहेर बघितलं. "राहू द्या," म्हणाले. "वडील एकटे न्यायचे." मग त्यांनी कलशाजवळ नाक नेलं आणि तोंड वाकडं केलं. "याला खरंच कांद्याचा वास आहे हो."

"पिंपळगावचं पाणी मिसळून एवढा कमी झाला, सर," मी म्हणाले.

फाट्यावर रशीदभाईंनी टेम्पो मुद्दाम हळू केला. घुंगरं ऐकून मॅनेजर बाहेर आला, हातात नारळ, मागे ताकाचं पिंप. तो टेम्पोच्या फळीपाशी आला, हात जोडून वर पाहिलं, आणि साहेबांना ओळखून तसाच राहिला.

"साहेब... तुम्ही? कावड?"

"पाण्यासाठी," साहेब म्हणाले.

मॅनेजरने नारळ फोडला नाही. तो हातात घेऊन तिथेच उभा राहिला. आम्ही वळून गावाच्या वाटेला लागलो.

अहवाल अजून आलेला नाही. पण "फेरतपासणी चालू आहे" एवढ्या एका वाक्यावर सोमवारी टँकर आला आणि अजून येतो आहे. खाणीत ओतणारे टँकर सध्या दिसत नाहीत. बंद झालेत की वेळ बदलली, ते माहीत नाही. आम्ही लक्ष ठेवून आहोत.

मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. ऊन उतरलं होतं. सगळा गाव विहिरीवर जमला होता. मॅडम पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि त्यांनी बाटल्या भरल्या, झाकणं लावली, बर्फात ठेवल्या. मग तात्यांनी फडकं सोडलं आणि साहेबांच्या खांद्यावरून दोन्ही कलश एकेक करून विहिरीत रिकामे केले. पिवळ्या पाण्यावर फेस हलला. कावड उतरली. साहेबांनी खांदा चोळला, डोळे मिटले, आणि लहानपणापासून जे करत आले असतील तेच केलं. कलशाच्या तळाशी उरलेलं पाणी हातावर घेतलं आणि हात तोंडाकडे नेला.

"नका पिऊ!"

मीच ओरडले होते. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांचा हात ओठांजवळ थांबला. त्यांनी डोळे उघडून पाण्याकडे पाहिलं. पाणी हातात तसंच होतं.

ते विहिरीत टाकावं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. जमिनीवर टाकावं म्हणून खाली पाहिलं, तिथे पोरं अनवाणी उभी होती. बाजूला काकूंच्या शेळ्या होत्या. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली.

"हे आता टाकू कुठे?" साहेबांनी विचारलं.

"तेच तर विचारायला आलतो साहेब आमी," अलका काकू म्हणाल्या, "नाशिकला."